मत सोडून सगळं

इचोच्या, म्हणजे गिंकोच्या झाडाच्या, बिया पडायला लागल्या की आमच्या रस्त्यावर वास सुटतो. वास कसला, घाणच ती. नासलेलं लोणी कोणी कढवायला ठेवावं आणि विसरून जावं, तशी. वर पानं इतकी पिवळीधमक की माणसं थांबून फोटो काढतात, आणि खाली फुटपाथवर ही पिकून फुटलेली फळं. जपानातल्या तोझाई मेट्रो लाइनवरच्या आमच्या स्टेशनापासून शाळेपर्यंत दुतर्फा हीच झाडं आहेत. पुण्याहून नवीन आलेलं कुटुंब हमखास नाक धरून विचारतं, "इथे ड्रेनेज फुटलंय का हो?" मी जुन्या रहिवाशाच्या थाटात सांगते, "नाही हो, झाड आहे."

यंदा वास सुटला त्याच आठवड्यात बागेच्या कुंपणाला प्लायवूडचा फलक उभा राहिला. त्यावर चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एक नंबर, बाकी सगळं कोरं. महापौरपदाची निवडणूक. इथे वाटेल त्या भिंतीवर पोस्टर लावता येत नाही. शहरभर असे फलक उभारतात आणि प्रत्येक उमेदवाराने आपली माणसं पाठवून आपल्या नंबरच्या चौकोनात आपलं तोंड चिकटवायचं. ज्याच्याकडे माणसं असतात त्याची पोस्टरं दुपारपर्यंत सगळीकडे लागतात. ज्याच्याकडे नसतात, त्याचे चौकोन गल्लोगल्ली शेवटपर्यंत रिकामे राहतात. असा रिकामा चौकोन दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते, आणि त्याला वास कारण नसतो.

चार वर्षांपूर्वी, असाच वास सुटलेला असताना, मी तीन नंबरचे चौकोन भरत हिंडले होते.

ते चौकोन इनागाकी-सेन्सेईंचे होते. मी जपानला आले ती समीरची बायको म्हणून. व्हिसावर माझी ओळख एका शब्दात लिहिलेली होती, अवलंबून. पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध कुठलं आणि ताक कुठलं ते कळेना, कचऱ्याच्या वर्गीकरणाचा तक्ता वाचता येईना. शेजारच्या आजींनी माझी, चुकीची म्हणून स्टिकर लावून परत आलेली, कचऱ्याची पिशवी बघितली आणि मला हाताला धरून शाळेमागच्या कोमिनकानमध्ये नेलं. कोमिनकान म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिर. तिथे दर शनिवारी सकाळी परदेशी बायकांसाठी आणि मुलांसाठी जपानी भाषेचा फुकट वर्ग चाले. चालवणाऱ्या इनागाकी-सेन्सेई, म्हणजे इनागाकी बाई. निवृत्त शाळामास्तरीण, बुटक्या, डोक्यावर बारा महिने जांभळी लोकरी टोपी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला मुळाक्षरं शिकवली नाहीत. माझ्या त्या परत आलेल्या पिशवीवरचं स्टिकर वाचायला शिकवलं. पुढे ईरा झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन त्यांनी वर्ग घेतला. ईरा बोलायला लागली ती त्याच खोलीत, आणि घरी येऊन माझ्याशी जपानीत बोलायला लागली. त्या खोलीला टाटामीच्या चटयांचा आणि जुन्या रॉकेलच्या हीटरचा वास यायचा. अजूनही येतो. नेपाळी, व्हिएतनामी, बंगाली, आम्ही दोन मराठी, सगळ्याजणी तिथे चुकत चुकत बोलायचो आणि सेन्सेई प्रत्येक चुकीवर आधी मान डोलवायच्या, मग दुरुस्त करायच्या.

त्या वर्षी कोमिनकान पाडायचं घाटत होतं. इमारत जुनी, खर्च फार, वगैरे. महापौरांच्या पाठीशी मोठा पक्ष होता आणि त्यांना जागा मोकळी हवी होती. त्यांच्या विरोधात चष्मेवाले एक गृहस्थ उभे होते, त्यांच्यामागे बाकीचे झाडून सगळे पक्ष. चष्मेवाल्यांच्या पत्रकात अगदी तळाशी, बारीक अक्षरात, कोमिनकान राखण्याचं आश्वासन होतं. लढत या दोघांतच होती, हे स्टेशनवरचा सायकली लावणारा माणूससुद्धा सांगत होता. आणि तिसऱ्या इनागाकी-सेन्सेई. त्यांचा पक्ष म्हणजे चार-पाच निवृत्त बायका, ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरची एक खोली आणि हातात धरायचा एक भोंगा.

"सेन्सेई, तुम्ही कशाला उभ्या राहताय?" मी विचारलं होतं. कोमिनकानसाठीच का, असंही विचारलं.

"दोन मोठी माणसं बोलायला लागली की तिसऱ्याचं नाव निघत नाही," त्या म्हणाल्या. "मेधा-सान, तुम्हा लोकांबद्दल दोघांच्याही पत्रकात एक ओळ नाही. मी उभी राहिले तर फलकावर एक चौकोन तरी आपला होईल."

आपला, असं त्या म्हणाल्या. वर्गातल्या एकीलाही मत नव्हतं. फक्त मला होतं. त्याच वर्षी मी आणि ईरा जपानी नागरिक झालो होतो. भारतीय पासपोर्ट परत करून आले त्या दिवशी मी जेवले नव्हते, आणि समीरने "घरात एक तरी आपला पासपोर्ट राहू दे" म्हणून स्वतःचा ठेवून घेतला होता. शनिवारच्या वर्गात ही बातमी पसरली तेव्हा नाशिकची वैशाली, माझ्याहून लहान, सगळ्यांच्या वतीने म्हणाली, "मेधाताई, आता आपल्या अख्ख्या वर्गाचं मत म्हणजे तूच. आमच्या सगळ्यांच्या वाटचं सेन्सेईंना देऊन ये." व्हिएतनामी मुलींना तिने जपानीत समजावून सांगितलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सेन्सेई लाजून फळा पुसायला लागल्या.

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, यात शंका नाही.

प्रचाराच्या पहिल्या दिवशी पोस्टरांचं भेंडोळं बगलेत मारून मी निघाले. ईरा पहिलीत होती. लहान मुलांनी प्रचाराच्या कामाला हात लावायचा नसतो असं सेन्सेईंनी बजावलं होतं, त्यामुळे ती दप्तर पाठीवर घेऊन फलकासमोर उभी राही आणि हुकूम सोडी. "आई, वाकडं. आई, डावीकडे वर." दोन मोठ्यांची पोस्टरं गुळगुळीत, हसरी, केस बसवलेले. शेजारी आमच्या सेन्सेई जांभळ्या टोपीत, जरा घाबरलेल्या. पायाखाली इचोच्या बिया चिरडत होत्या, माझ्या बुटांना तो वास लागला होता, आणि मी इतकी आनंदात होते की काय सांगू. या देशात पहिल्यांदाच मला कुठेतरी काहीतरी चिकटवायचा हक्क मिळाला होता.

मग एका रात्री जेवताना समीर म्हणाला, "तू सेन्सेईंना मत देणारेस?"

"मग काय?"

"अगं, जरा प्रॅक्टिकल हो. टफ फाइट आहे. सेन्सेईंना गेलेलं मत कोणाचं कमी होतं? चष्मेवाल्यांचं. ते पडले की कोमिनकान गेलं. सेन्सेईंना मत देऊन तू सेन्सेईंचाच वर्ग बंद पाडणार." त्याने आमटी वाढून घेतली आणि शांतपणे पुढे म्हणाला, "तुला मत आहे, मला नाही. तू ठरव."

मला त्याच्यात माझे बाबा ऐकू आले. आमच्या पुण्याच्या घरी निवडणुकीत जो येईल त्याला बाबा चहा पाजायचे आणि जाताना "यंदा तुम्हालाच" म्हणायचे. सगळ्यांना. मत मात्र निवडून येण्यासारख्या दोघांतल्या बऱ्याला. "मत फुकट घालवायचं नाही," एवढंच त्यांचं राजकारण. आमच्या वॉर्डात साठे मास्तर म्हणून एकजण दर खेपेला उभे राहायचे. सायकलला भोंगा बांधून एकटेच फिरायचे, आणि दर खेपेला डिपॉझिट जप्त. आम्ही पोरं त्यांच्या सायकलमागे ओरडत धावायचो. ते थांबून आम्हाला नमस्कार करायचे, आणि आम्हाला त्याचंही हसू यायचं.

मतदान आमच्याच शाळेच्या व्यायामशाळेत होतं. लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून हिरवं कापड अंथरलेलं, शंभर माणसं असूनही कुजबुज नाही. इथे आईबापांबरोबर मुलांना आत जाऊ देतात, त्यांना सवय लागावी म्हणून. ईरा माझा हात धरून आली. दारातल्या बाईंनी वाकून तिला सांगितलं, आत बोलायचं नाही हं. तिने ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

आणि इथे शिक्का नसतो, बटण नसतं. नाव लिहायचं असतं. आडोशात एक पेन्सिल, समोर उमेदवारांच्या नावांची यादी, आणि हातात कोरा कागद. पुण्यात मी बटण दाबलं होतं, मत मशीनने वाजून माझ्या हातातून घेतलं होतं. इथे मला एकेक अक्षर काढावं लागणार होतं. मी पेन्सिल घेतली. वैशाली आठवली, व्हिएतनामी मुलींच्या टाळ्या आठवल्या. मग ती खोली आठवली, टाटामी, हीटर, मांडीवरची ईरा. ती खोली राहायला हवी होती. मी चष्मेवाल्यांचं नाव लिहिलं. हळूहळू, नीट, सेन्सेईंनीच घोटून घेतलेल्या अक्षरात.

तो कागद कसल्याशा गुळगुळीत जातीचा असतो. मी त्याची घडी घातली, पेटीत टाकायला गेले, तर घडी माझ्या बोटांतच उलगडायला लागली. मोजणाऱ्यांची सोय म्हणून तो कागद तसाच बनवतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं सगळी व्यायामशाळा ते नाव वाचते आहे. मी तो कसाबसा आत ढकलला. बाहेर आल्यावर सवयीने डाव्या हाताचं बोट पाहिलं. शाई नव्हती. इथे कोणी लावत नाही.

चष्मेवाले निवडून आले, थोडक्यात. कोमिनकान राहिलं. सेन्सेई तिसऱ्या, पार मागे. समीर बातम्या बघत म्हणाला, "बघ, तुझं मत सत्कारणी लागलं." त्याला बिचाऱ्याला मला बरं वाटावं असंच वाटत होतं. एका मताने निकाल फिरला नसता हे मलाही कळतं. पण मग एका मताने कोमिनकान वाचलं असंही म्हणता येत नाही. उपयोगाचा हिशेब मांडायला गेलं की हातात काही उरत नाही, आणि सेन्सेईंच्या पारड्यातून काढून घेतलेलं ते एक मत तेवढं डोळ्यांसमोर राहतं. त्यांच्यासाठी मी पाय दुखेपर्यंत चालले होते, पोस्टरं लावली होती, त्यांच्या चार बायकांना उपमा करून नेला होता. मत सोडून सगळं दिलं होतं.

पुढच्या शनिवारी सेन्सेई पिशवीभर संत्री घेऊन वर्गात आल्या. हरलेल्या माणसाचा चेहरा मी मनात तयार करून गेले होते. तो नव्हताच. त्या खुशीत होत्या. "मला वाटलं होतं त्याहून जास्त लोकांनी माझं नाव लिहिलं," त्या म्हणाल्या. "घरी बसून विचार केला, कोणकोण असतील. बहुतेकांना मी ओळखत नाही. पण एक मत मला पक्कं माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढून कमरेत वाकल्या. "मेधा-सान, या खोलीतलं ते मत माझ्यासाठी सगळ्यांत मोठं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीने मला मिठी मारली. मी हसले. संत्रं सोलत राहिले. मला तेव्हा बोलता आलं असतं. चार वाक्यांत सांगता आलं असतं, सेन्सेई, तुमच्या वर्गासाठीच मी असं केलं. त्यांना ते कदाचित पटलंही असतं. पण टाळ्या चालू असताना ते शब्द तोंडातून निघेनात, आणि टाळ्या थांबल्यावर वेळ गेली होती. ईरा कोपऱ्यात बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी जाताना ती बिया चुकवत उड्या मारत चालली होती. मधेच थांबली. जपानीत म्हणाली, "आई, तू चुकून खालच्या ओळीतलं नाव लिहिलंस ना?"

माझ्या हातातली पिशवी खाली आली.

"मी बघितलं," ती म्हणाली. "यादीत सेन्सेईंचं नाव वर होतं आणि तू खालचं बघून लिहिलंस. मला सांगायचं होतं. पण तिथे बोलायचं नसतं. त्या बाईंनी सांगितलं होतं."

तिचा काही दोष नव्हता. तिच्या जगात आई चुकतेच. तिकिटाच्या मशीनवर आई दुसरंच बटण दाबते, शाळेच्या कागदावर भलत्या चौकोनात खूण करते, आणि मग ईरा ते नीट करते. आई मुद्दाम दुसरं नाव लिहील, हे तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

"मी तेव्हा बोलले असते तर सेन्सेई जिंकल्या असत्या?" तिने विचारलं.

"नाही गं. एका मताने कोणी जिंकत नाही."

"पण तू चुकलीस ना?"

समोर शाळा होती, वर पिवळी पानं, खाली तो वास. ईरा माझ्याकडे बघत होती. खरं सांगायचं तर तिला सांगावं लागलं असतं की आईने सगळ्यांना हो म्हणून भलतंच केलं, आणि मघाशी टाळ्याही घेतल्या. "हो बाळा," मी म्हटलं, "चुकले मी." तिने सुटकेचा श्वास सोडला आणि माझा हात धरला, आणि मग घरापर्यंत तो सोडला नाही. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. त्यानंतर ती कुठेही गप्प बसेना. दवाखान्यात, पोस्टात, मी पेन उचललं की ती शेजारी येऊन उभी. "आई, इथे नाही. आई, आधी वाच." दुकानात ती मोठ्याने बोले, लोक वळून बघत. समीरला त्याचं कौतुक वाटायचं, पोरगी स्मार्ट झाली म्हणून. मला माहीत होतं ती कशाची भरपाई करते आहे. माझं ओझं होतं, ते मी तिच्या दप्तरात घातलं होतं, आणि ते काढून घ्यायला मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी दर वर्षी ते वाक्य पुढच्या वर्षावर ढकललं.

गेल्या महिन्यात आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. बाबा गेल्यापासून ती निवांत ऐकते. मला वाटलं म्हणेल, बरोबर केलंस, तुझ्या बाबांसारखंच. ती शेंगा निवडत होती. न बघताच म्हणाली, "मी तर दर वेळी साठे मास्तरांनाच द्यायचे."

"काय सांगतेस? बाबांना माहीत होतं?"

"त्यांना कशाला सांगायचं? मास्तर आपल्या दारात येऊन नमस्कार करायचे. खऱ्या मनाने मागायचे. पडणार तर होतेच, निदान आपलं एक मत तरी त्यांच्या पदरात असू दे." मग तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "ईराला सांगितलंस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग मला काय सांगतेस," ती म्हणाली.

यंदाही सेन्सेई उभ्या आहेत. आता हातात काठी असते आणि पोस्टरवर तीच टोपी. कोमिनकानचा प्रश्न पुन्हा वर आला आहे. चष्मेवाले महापौर म्हणतात बघू, समोरचे म्हणतात पाडू, आणि समीर परवाच म्हणाला, "लढत पुन्हा टफ आहे." सेन्सेईंनी पोस्टरांचं भेंडोळं माझ्याच हातात दिलं. "तुमच्याशिवाय कोण," म्हणाल्या. मी ते घेतलं.

काल संध्याकाळी ईराने उरलेलं एक पत्रक उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. ती आता पाचवीत आहे, माझ्या खांद्याला लागते. "आई, या वेळी यादी बघायचीच नाही," ती जपानीत म्हणाली. "सेन्सेईंचं नाव पाठच कर. मी शिकवते." तिने पेन्सिलीने मोठं करून नाव काढलं. इनागाकीची चित्रलिपीतली दोन अक्षरं, एक भाताचं, एक कुंपणाचं. अवघड आहेत, रेघा फार. माझ्या मुठीवर तिने आपली मूठ ठेवली आणि रेघ कुठून सुरू करायची ते दाखवलं, सेन्सेई दाखवायच्या तसं.

मी लिहिलं. ती म्हणाली, अजून एकदा. पत्रक नावांनी भरत गेलं. शेवटचं नाव बघून तिने लाल पेन्सिल घेतली आणि त्याभोवती हानामारु काढलं, जपानी शाळेत शंभर टक्के बरोबर आलं की बाई काढतात ते गोल गोल पाकळ्यांचं फूल.

"रविवारी मी येते तुझ्याबरोबर आत," ती म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत क्वचित बोलते तसं, मराठीत म्हणाली, "तू चुकलीस तर मी बोलणार. ते रागावले तरी बोलणार."

सेन्सेईंना नव्या वर्षाचं कार्ड दर वर्षी मीच लिहिते. ही दोन अक्षरं मला चार वर्षांपूर्वीही न बघता येत होती.

"ये," मी तिला म्हटलं. तिने कागदाचा उरलेला कोपरा माझ्याकडे सरकवला, आणि मी ते नाव आणखी एकदा लिहिलं.